गावात चार हातांना काम द्यायचं तर सहा लाख कशात घालावे?

अडाण_काठचा

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावचा, नोकरीनं पुण्यात. या दिवाळीला दहावीच्या बॅचचे आम्ही अकरा जण पारावर बसलो होतो, कोणी मास्तर, कोणी एसटीत, दोघं दुबईत, आणि बोलता बोलता विषय निघाला की दरवर्षी वर्गणी काढून आपण कधी मंदिराला रंग देतो कधी शाळेला पंखे देतो, यंदा जरा मोठी रक्कम काढू आणि गावात कोणाच्या तरी हाताला काम लागेल असं काही करू. सहा लाख जमलेत आणि खात्यात पडून आहेत.

गावाची स्थिती विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. कापसाची शेवटची वेचणी झाली, तूर खळ्यातून घरी आली, की होळीपासून मिरगापर्यंत गावात काम नाही. पोरं चाकणला नाहीतर सुरतला जातात, काही परत येतात काही येत नाहीत. बायांना तर जायलाही जागा नाही.

आमच्यात दोन गट पडलेत. एक गट म्हणतो मिनी दालमिल टाका, तूर घरचीच आहे, चार-पाच माणसं लागतात. दुसरा म्हणतो नवीन काही काढूच नका, गावात जे धंदे चालू आहेत, शिलाईवाल्या वहिनी, मोटर रिवायंडिंगचं दुकान, पिठाची चक्की, त्यांनाच बिनव्याजी पैसे द्या, ते एकेक माणूस वाढवतील. मला खरंच ठरवता येत नाहीये. ज्यांनी गावात राहून धंदा केलाय त्यांनी सांगा.

उलसक

दालमिल. तुरीच्या गावात बसून पाकिटातली दाय इकत घेतो आपन, याच्यापेक्षा वाईट काय असन बाप्पा.

टिनपत्रा

मी सतरा वर्षं झाले दिग्रसले फॅब्रिकेशनचं दुकान चालवतो, म्हनून सांगतो भाऊ. मशीन घेनं सोपं हाये. मशीन आली का फोटो निघते, नारळ फुटते, पेपरात बातमी येते. त्याच्यानंतर काय?

माह्या धंद्यात लोखंड नगदी घ्या लागते अन् गेट उधार द्या लागते. "कापूस इकला का देतो" हे वाक्य म्या एवढ्या वेळा ऐकलं का मले कापसाचा भाव शेतकऱ्याच्या आधी माहीत असते. कापसाले भाव नाई भेटला तर त्याच्या पोटाले चिमटा अन् माह्या बी. त्याच्यावर मले राग येत नाई, त्याच्याजवळ नसनच तर तो कुठून देईन. पन लोखंडवाला तर माह्या दारात उभा राह्यते ना.

दोन पोट्टे ठेवले होते कामाले. चांगले शिकले होते, ग्रिलचं डिझाईन एकदा पाह्यलं का करून देत. एका सरकारी ऑफिसच्या फर्निचरचं बिल चौदा महिने आडकलं. पोट्ट्याईचा पगार दोन महिने उसनवारीवर देल्ला, तिसऱ्या महिन्यात त्याईनंच सांगतलं का भाऊ तुमची अडचण आमाले दिसते, आमी जातो. एक पोट्टा आता पुन्याले हाये. काम नोतं म्हनून नाई गेला तो, काम झालं होतं, पैसा आला नोता.

म्हनून माह्यं म्हननं, जो धंदा चालू हाये त्याले खेळता पैसा द्या. नवीन पाटी लावू नका.

फळा_खडू

अमरावतीला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. टिनपत्रा यांनी जे लिहिलं ते वर्गात तासभर शिकवूनही इतकं स्पष्ट होत नाही.

पण दालमिलच्या बाजूनंही बोलायला पाहिजे. आपल्या भागाचं जुनं दुखणं असं की आपण कच्चा माल पाठवतो आणि पक्का विकत घेतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकी जवळपास सगळी सरकी. रुईची गाठ बांधली की ती आपला जिल्हा सोडते. सूत दुसरीकडे, कापड तिसरीकडे, आणि शर्ट मात्र आपण यवतमाळच्या दुकानात घेतो. पूर्वी असं नव्हतं. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं ते कापूस इथे होता म्हणूनच. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर, सगळीकडे गिरण्यांचे भोंगे वाजायचे. ते भोंगे एकेक करून बंद झाले आणि त्या गावांच्या बाजारपेठाही बसल्या, कारण पगाराच्या दिवशी भाजीवालीपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांकडे पैसा फिरायचा.

छोट्या धंद्यांचा विचारही आपल्याकडचाच आहे. गांधीजींचा ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये वर्ध्यातच सुरू झाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. मगन संग्रहालय १९३८ चं. घाणी, हातकागद, मधमाशा, चरखा, यावर तिथे अगदी बारकाईनं काम झालं. त्यांचा मुद्दा फार साधा होता, जिथे माल पिकतो तिथेच त्यावर पहिला हात फिरला पाहिजे म्हणजे मजुरी गावात राहते.

म्हणून मी दालमिलच्या बाजूनं. फक्त सहा लाखांत पाच जणांना बारा महिने रोजगार मिळेल हे मला पटत नाही.

सरगुंडे

मी सेलू तालुक्यातली (वर्धेचं सेलू, परभणीचं नाही, दरवेळी सांगावं लागतं). आमचा बचत गट २०१३ पासून आहे.

पहिली तीन वर्षं आम्ही पापड, लोणचं, कुरडया केल्या. शेजारच्या गावातला गटही तेच करायचा, त्याच्या पुढचाही तेच. तालुक्याच्या प्रदर्शनात आठ स्टॉल लागले तर सहांवर पापड! आम्हीच एकमेकींचे पापड विकत घेऊन घरी यायचो. एका वर्षी चाळीस किलो उरले आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी आली, त्या दिवशी आमच्या अध्यक्ष काकू रडल्या होत्या, मी विसरू शकत नाही.

मग एका लग्नात आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी सरगुंडे, म्हणजे गव्हाच्या पिठाचं वाळवण, केले. नागपूरहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं हे आता कोणी करत नाही, विकत मिळतील का. तिथून सुरुवात झाली. काडीवर गुंडाळून वाळवायचे, हाताचंच काम, मशीन नाही, म्हणून दुसरं कोणी पटकन करत नाही. आता उन्हाळ्यात सात बायांना अडीच महिने काम मिळतं आणि माल ऑर्डर आल्याशिवाय करत नाही. पैसे आधी अर्धे.

तर माझा प्रश्न दादा तुम्हाला: तुमची डाळ घेणार कोण? नावं लिहून काढा. गावात किती घरं, किती जण घरची तूर डाळ करायला बाहेर नेतात, कुठे नेतात, किती देतात. हे एकदा घरोघर फिरून विचारा, दुबईवाल्यांना नाही, सासूबाईंना विचारा.

उलसक

सरगुंड्यासोबत आमरस. मले आता भूक लागली. पत्ता द्या ताई.

चुनी_चुरी

अकोला जिल्ह्यात बार्शिटाकळीकडे माझी मिनी दालमिल आहे, सहावा सीझन चालू होईल. आकडे देतो, कारण मला सुरुवातीला कोणीच दिले नव्हते.

आपल्याकडची मशीन म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठानं काढलेली पीकेव्ही मिनी दालमिल, तीच पुढे वेगवेगळे वर्कशॉपवाले बनवतात. काम असं: तूर साफ करून चाळणीनं ग्रेड करायची, कारण लहान-मोठा दाणा एकत्र घातला तर लहान तसाच निघतो आणि मोठा फुटतो. पहिल्या पासला रोलवर फक्त ओरखडे पाडायचे. मग तेल चोळून रात्रभर ठेवायचं, मग पाणी मारून ढीग झाकायचा, मग दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचं आणि परत रोलमधून काढायची. मशीनचं काम तासाचं, उन्हाचं काम तीन दिवसांचं. म्हणून ताडपत्री आणि मोकळी जागा याचा खर्च आधी धरा, सगळे विसरतात, मीही विसरलो होतो आणि पहिल्या वर्षी एप्रिलच्या अवकाळीत अकरा क्विंटल भिजली, लोकांची. भरपाई दिली.

क्विंटलला माझ्याकडे ७० ते ७२ किलो डाळ निघते, दाणा टपोरा असेल तर जरा जास्त. बाकी चुरी आणि टरफल, ते ढोरांना चालतं, गिऱ्हाईक सहसा परत घेऊन जातं.

मी भरडाई किलोला ८ रुपये घेतो. रोज चार क्विंटल धरा, ३२०० रुपये. तीन बाया आणि एक मशीनवाला पोरगा यांची मजुरी १४००, लाईट आणि तेल मिळून ५००. हातात १३०० राहतात. सीझन होळीनंतर मिरगापर्यंत, त्यातले चांगले दिवस साठ पकडा. म्हणजे वर्षाला ७८ हजार. मशीनचे पैसे अडीच-तीन वर्षांत निघतात, जर मधे काही मोडलं नाही तर.

स्वतः तूर घेऊन डाळ विकायची तर कमाई जास्त, पण त्यात पैसा अडकतो. वीस क्विंटल घ्यायची तर दीड लाख लागतात आणि किराणावाला डाळ ठेवून घेतो, पैसे पंधरा दिवसांनी, महिन्यानी, कधी पोळ्याला. टिनपत्रा भाऊ म्हणतात तेच. आणि भावाचा भरवसा नाही. २०२४-२५ ला तुरीचा हमीभाव क्विंटलला ७५५० रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकली गेली. बाहेरून बिनशुल्क तूर येते, मोझांबिकची, म्यानमारची. शेतकरी म्हणून मला त्याचा त्रास होतो आणि दालमिलवाला म्हणून महाग घेऊन ठेवलेला माल अंगावर पडायची भीती वाटते, दोन्ही मीच.

टिनपत्रा

@चुनी_चुरी अकरा क्विंटल भरून देल्ली, याले म्हनते धंदा. गिऱ्हाईक सोडून गेलं नसन.

चुनी_चुरी

नाही गेलं. उलट त्यातलेच दोघं आता गावभर सांगतात.

चाकण_शिफ्ट

मी तुमच्या धाग्यातला "पोरं चाकणला जातात" मधला पोरगा. बाभूळगाव तालुका. कंत्राटी आहे, बारा तासाची शिफ्ट, एका रूममध्ये सहा जण, त्यातले चार यवतमाळ जिल्ह्यातलेच.

गावात महिन्याला बारा हजार मिळाले तरी मी उद्या परत येतो, आई-बाबा दोघंच आहेत घरी. पण बारा महिने पाहिजे ना. तुम्ही साठ दिवसांचं काम सांगताय, बाकीचे तीनशे दिवस मी काय करू? त्या साठ दिवसांसाठी इथली जागा सोडली तर परत घेत नाहीत.

माझा मित्र मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत होता, बारावीवाल्याला महिन्याला सहा हजार मिळत होते, गावातच होता, खूश होता. मुदत संपली तसा परत घरी. अनुभवाचा कागद मिळाला पण तो कुठे दाखवायचा.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. गावात धंदा करणाऱ्या पोराला मुलगी देत नाहीत. वेल्डिंगचं दुकान आहे, महिन्याला पंचवीस कमावतो, तरी नाही. पुण्यात कंत्राटी आहे म्हटलं की स्थळ येतं. माझ्या चुलतभावानं चालतं दुकान फक्त लग्नासाठी बंद केलं. हे तुमच्या सहा लाखांत कसं बसवाल?

फळा_खडू

@चाकण_शिफ्ट हे वाचून थांबलो थोडा वेळ.

तुझा मुद्दा बारा महिन्यांचा आहे आणि तो बरोबर आहे. त्यासाठी मोठी गुंतवणूकच लागते. अमरावतीच्या पीएम मित्र पार्कचं, म्हणजे सरकारी कापड उद्योग पार्कचं, भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ ला झालं, नांदगाव पेठला कापडाचे कारखाने आधीपासून आहेत. असं काही जवळ आलं तर आई-बाबांपासून तासाभराच्या अंतरावर नोकरी मिळू शकते. बॅचच्या वर्गणीनं ते होणार नाही, ते सरकारचंच काम आहे.

आंबिया_बहार

सर, पार्क येईल तेव्हा येईल. आम्ही वरूडकडचे, संत्र्याच्या प्रक्रियेच्या कारखान्याच्या घोषणा लहानपणापासून ऐकतोय. काही उभेही राहिले आणि बंदही पडले. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आनंद झाला, पण बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं तेव्हा जीआयच्या कागदानं माल थोडाच विकला गेला. बागेत फळांचा सडा पडला होता.

आमच्याकडे खरा रोजगार कोणी दिला असेल तर तो ग्रेडिंग-पॅकिंगच्या शेडवाल्यांनी. टिनाचं शेड, मेण लावायची मशीन, लाकडी पेट्या, क्रेट. एका शेडवर सीझनला तीस-चाळीस माणसं असतात. त्यांना कधी कोणत्या योजनेत पाहिलं नाही. म्हणजे छोट्यातही जोर असतो, एवढंच म्हणायचंय.

निवृत्त_कॅशियर

एकतीस वर्षं बँकेत होतो, शेवटची नऊ वर्षं ग्रामीण शाखांमध्ये कर्ज विभागात. नागपूरला असतो आता. जरा सविस्तर लिहितो.

सहा लाखच आहेत असं धरू नका. यातून बँकेचं कर्जही उभं राहू शकतं. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २००८ पासून आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाकडून चालते, अर्ज ऑनलाइन. ग्रामीण भागात नव्या युनिटला सर्वसाधारण गटात २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के अनुदान. स्वतःचा हिस्सा १० टक्के, दुसऱ्या गटाला ५ च. पण लोक एक गोष्ट समजून घेत नाहीत. ते अनुदान हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि युनिट चालू असेल तर मगच कर्जात जमा होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय, गावात अनुदान मिळणार म्हणून मशीन घेतली, सहा महिन्यांत बंद, मशीन आडोशाला, आणि हप्ते मात्र चालू. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, खराब झाला तो वेगळाच, मग त्याच माणसाला पीककर्जालाही अडचण.

डाळीसाठी पीएमएफएमई बघा, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची २०२० ची केंद्राची योजना, ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान, आणि आधीपासून चालू असलेल्या धंद्यालाही मिळतं. अर्ज भरायला जिल्ह्यात त्यासाठी नेमलेली माणसं असतात, कृषी विभागात चौकशी करा. सरगुंडे ताई, तुमच्यासाठी: याच योजनेत बचत गटाच्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल असतं, खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गावातला माणूस बँकेत येतो तो मशीनचं कोटेशन घेऊन. खेळत्या भांडवलाचा कागदच नसतो. आम्हीही मशीनचं कर्ज देऊन मोकळे, कारण मशीन दिसते, तिच्यावर बँकेचं नाव रंगवता येतं. तूर घ्यायला पैसे? त्यावर कोण विचार करणार. अर्धे धंदे इथे मेले. मी त्या काळी एवढं बोललो असतो तर बरं झालं असतं, आता बोलतो: प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये खेळतं भांडवल लिहा आणि कॅश क्रेडिट मागा, म्हणजे लागेल तसं काढायचं आणि भरायचं असं खातं. आणि सूक्ष्म-लघु उद्योगाला ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असं आरबीआयनं बँकांना सांगितलेलं आहे, शाखेत सातबारा मागितला तर नम्रपणे हे सांगा.

@टिनपत्रा भाऊ, उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, केली आहे का? २००६ च्या कायद्यानं नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

टिनपत्रा

उद्यम हाये काका. तक्रार केली तर पुढचं काम भेटत नाई, एवढं एक लिहा तुमच्या कायद्याच्या बाजूले. पन माहिती देल्ली त्याच्याबद्दल मनापासून धन्यवाद, पोराले दाखवतो.

निवृत्त_कॅशियर

खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मोहफूल

गडचिरोलीतून, कुरखेडा भाग. तुम्ही सगळे दुकान आणि मशीन बोलताय, आमच्याकडे गावच धंदा करतो. वनहक्क कायदा २००६ चा, आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, त्यानंतर बऱ्याच ग्रामसभा तेंदूपत्ता (बिडीचं पान) स्वतः विकायला लागल्या. लिलाव ग्रामसभा करते, ठेकेदाराशी करार ग्रामसभा करते, तोडाईचे पैसे वेगळे आणि वरची रक्कम ग्रामसभेच्या खात्यात. सगळीकडे सुरळीत आहे असं नाही, ठेकेदारानं पैसे लटकवल्याचे प्रकार आमच्याकडेही झाले. पण हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो, कागद भिंतीवर लागतो.

तुमच्या अकरा जणांचा हिशेब गावात कोण वाचणार? तुम्ही पुण्यात, दुबईत. मशीन कोणाच्या नावावर?

उलसक

हा प्रश्न लय मोठा हाये. आमच्या गावात मंडळाच्या नावावर भजनाची पेटी होती. आता पेटी कुठं हाये ते कोनालेच सांगता येत नाई, पन पेटीचं कुलूप माह्या घरी हाये.

सरगुंडे

😄 कुलूप जपून ठेवा भाऊ.

मोहफूल यांचं अगदी बरोबर. अकरा जणांची मशीन म्हणजे कोणाचीच नाही, पट्टा तुटला तर बदलायचा कोणी.

मला एक सुचतंय. अडाण_काठचे दादा, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही पिठाची चक्की आहे म्हणालात. तिच्याकडे थ्री फेज असेलच. गिऱ्हाईक रोज दारात येतं, दळण घेऊन. शेड आहे. मग दालमिल वेगळी कशाला, तिथेच मशीन बसवा ना. दोन्ही गटांचं एकाच दारात होईल.

चुनी_चुरी

ताई, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. मला थ्री फेजचं कनेक्शन मिळायला, डिमांड भरून, पोल टाकून, पहिला अर्धा सीझन गेला होता. चक्कीवाल्याचा तो वेळ वाचतो. आणि @चाकण_शिफ्ट च्या बारा महिन्यांचं थोडं उत्तर यात आहे. होळी ते मिरग तुरीची डाळ, त्याच वेळी हरभऱ्याची, पोळ्याच्या पुढे मूग-उडीद येतो त्याची थोडी, मिरची-हळद कांडप जोडलं तर तेही, आणि पीठ तर रोजचंच. एका पोराला वर्षभर पुरेल एवढं होऊ शकतं. चार जणांना नाही होणार, खोटं सांगत नाही.

फळा_खडू

मला यात एक भर घालायचीय. शाळेच्या पोषण आहारात आणि अंगणवाडीत डाळ लागतेच, रोज लागते, गावोगाव लागते. ती तालुक्यातल्या छोट्या मिलांकडून घेतली तर या मिलांना बांधलेलं गिऱ्हाईक मिळेल आणि तुरीला जागेवर उठाव. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून वर जायला पाहिजे. महाराष्ट्रानं रोजगार हमी देशाच्या आधी आणली, वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात राबवली गेली आणि १९७७ ला कायदा केला. त्या वेळी लोकांनी काम मागितलं होतं, आता गिऱ्हाईक मागायला हरकत नसावी.

आंबिया_बहार

सर यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

निवृत्त_कॅशियर

चक्कीवाली कल्पना मला आवडली. फक्त पैसे कसे द्यायचे ते नीट ठरवा. व्याज लावू नका, व्याज लावलं की तुम्ही २०१४ च्या सावकारी कायद्यात येता आणि परवाना लागतो. बिनव्याजी द्या, साध्या करारावर, मशीन त्याच्याच नावावर असू द्या आणि परतफेड महिन्याला ठेवू नका. सीझन संपल्यावर ठेवा. गावातला पैसा महिन्यानं येत नाही, हंगामानं येतो, बँकेला हे कधी कळलं नाही. परत आलेले पैसे पुढच्या धंद्याला.

अडाण_काठचा

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, गावी जाऊन आलो. सरगुंडे ताईंनी सांगितलं तसं खरंच घरोघर फिरलो, माझी आई आणि मी. एकशे बारा घरं झाली. त्यातली एकोणसाठ घरं वर्षाची डाळ बाहेरून करून आणतात, ऑटोचं भाडं देऊन. आई नसती तर मला कोणी खरं सांगितलं नसतं, मला सगळे "हो हो, करा, चांगलंच आहे" म्हणत होते आणि आईला म्हणत होते "आमच्या तुरीत दुसऱ्याची मिसळली तर?" म्हणजे गिऱ्हाईकाची भीती भावाची नाहीच, आपल्या वावरातली तूर आपल्यालाच परत मिळेल का याची आहे. त्यासाठी प्रत्येकाची ताडपत्री वेगळी, नाव लिहिलेली चिठ्ठी पोत्यात, असं ठरवलं.

चक्कीवाले काका आधी नाहीच म्हणाले. बासष्ट वर्षांचे आहेत, म्हणे आता कशाला कर्ज. मग त्यांच्या मुलानं विचारलं मी चालवू का. तो नागपूरला एका दुकानात कामाला आहे, येतो म्हणाला. काका गप्प बसले आणि थोड्या वेळानं उठून शेडची मागची भिंत दाखवायला घेऊन गेले, इथून दार काढता येईल म्हणाले.

हिशेब असा झालाय: मशीन १ लाख ९० हजार, ताडपत्र्या, ग्रेडिंगची चाळणी आणि वजनकाटा ४० हजार, तूर घ्यायला दीड लाख वेगळे ठेवले, पण पहिला सीझन फक्त भरडाईच करायची असं मुलाचं म्हणणं आहे आणि मला ते पटलं. शिलाईवाल्या वहिनींना इंटरलॉक मशीनसाठी ५० हजार. उरलेले १ लाख ७० हजार हात न लावता बँकेत, टिनपत्रा भाऊंची चौदा महिन्यांची गोष्ट डोक्यात होती म्हणून. सगळं बिनव्याजी, परतफेड दोन टप्प्यांत, एक मिरगाआधी एक दिवाळीनंतर. मोहफूल, हिशेब वर्षातून दोनदा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागेल, आई लावून घेणार आहे.

आमच्यातल्या दोघांना अजून पटलेलं नाही, त्यांचं म्हणणं एका घराला सगळं दिलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. काम सध्या मुलाला वर्षभर, तीन बायांना दोन-अडीच महिने आणि वहिनींसोबत एकीला, एवढंच.

@चाकण_शिफ्ट, तुझ्यासाठी यात काही नाही, हे लिहिताना वाईट वाटतंय.

चाकण_शिफ्ट

असं नका म्हणू दादा. त्या नागपूरच्या पोराला माझा नंबर पाठवा, मोटरचं काम मला येतं, सुट्टीत आलो की रोल बसवायला मदत करीन. आणि पुढच्या वर्षी ते परत आलेले पैसे कोणाला द्यायचे ठरलं नसेल तर बाभूळगाव काही लांब नाही.

टिनपत्रा

मागच्या भिंतीत दार काढनार हाये तर शटर माह्याकडून. नगदी नाई मांगत, तुरीची दाय झाल्यावर द्या.

चुनी_चुरी

रोल नवीन असताना गॅप चुकीचा बसतो आणि पहिले चार-पाच क्विंटल फुटतात, ते घरच्या तुरीवर करा, लोकांच्या नाही. त्या पोराला होळीच्या आधी आठ दिवस माझ्याकडे पाठवा, राहायची-जेवायची सोय आहे. सोबत त्या तीन बायांपैकी एखादी आली तर अजून बरं, तेल किती चोळायचं हे हाताला कळावं लागतं आणि ते माझी बायको शिकवते.

सरगुंडे

मीपण येते शिकायला. सरगुंडे आणते.

उलसक

तारीख सांगा.